गेमिंग संगणक जुळवताना 'एसएमपीएस'कडे दुर्लक्ष नको

मध्यम खर्चात घरीच गेमिंग संगणक जुळवताना बहुतेकांचे लक्ष ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर असते. खर्चाला कात्री लागते ती एसएमपीएसवर, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या घटकावर. ही काटकसर महागात पडू शकते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर खरेदी करा वा गावातील दुकानात, खोक्यावरील मोठ्या आकड्यावर विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टपुढे लिहिलेले अँपिअर वाचावेत; कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची भिस्त प्रामुख्याने या पुरवठ्यावर असते. तेथे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉटच हाती येतात. मग खोक्यावर ४५० का छापलेले असेना!

आता हिशेब पाहा. २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० कार्डासाठी ११५ आणि रायझन ५ ७६०० प्रोसेसरसाठी कमाल ८८ वॉट धरले, तर बेरीज होते २०३. त्यात पंखे आणि डिस्क मिळवल्यास शिल्लक जवळपास उरत नाही. मग खेळ ऐन रंगात आला असताना संगणक बंद पडू शकतो.

'८० प्लस' हे प्रमाणपत्र केवळ कार्यक्षमता सांगते, सुरक्षितता नव्हे. त्यामुळे शॉर्टसर्किट व जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, हेही विचारावे. चांगल्या दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुढे कार्ड बदलल्यावरही उपयोगी पडू शकतो. निकृष्ट एसएमपीएस मात्र जळताना मदरबोर्डचाही बळी घेऊ शकतो.