लांकडी बैठक

जहाजाची, विमानाची किंवा आगगाडीच्या इंजिनाची लहान प्रतिकृति करण्याचा छंद आतां आपल्या शहरांतल्या पुष्कळ घरांत शिरला आहे. मुलगा, आणि कधीं कधीं त्याचा बापहि, महिनेच्या महिने खर्चून एकेक दोर, एकेक तोफ जागेवर बसवितो. मग ती वस्तु ठेवावयाची कशावर, हा प्रश्न अगदीं शेवटीं, रंग वाळल्यावर आठवतो. आणि मिळेल त्या फळीवर काम उरकलें जातें. शाळांच्या प्रदर्शनांतून अशीं जहाजें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. पावसाळा सरेपर्यंत त्यांतल्या कांहींच्या तळाला चीर गेलेली असे, आणि दोष मात्र सरसाला दिला जाई. दोष बहुधा बैठकीचा असतो. तो कसा, हेंच आज सांगावयाचें आहे.

सोयीसाठीं एक खरें जहाज डोळ्यांपुढें ठेवूं. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांच्या काळांत इंग्लंडला ओक लांकडाची टंचाई भासूं लागली, तेव्हां ब्रिटिश आरमाराचीं कांहीं जहाजें मुंबईच्या गोदींत सागाचीं बांधण्यांत आलीं. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बोमनजी यांनीं बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका त्यांपैकींच. ती १८१७ सालीं पाण्यांत उतरली आणि आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेली आहे. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारें १५० फूट. फुटाला अष्टमांश इंच, म्हणजे १:९६ हें प्रमाण धरलें, तर ती लांबी पावणेएकोणीस इंच होते. नाळेपुढें निघालेली काठी धरून जहाज आणखी लांब. वर कांचेची पेटी बसवावयाची असेल, तर फळी त्या काठीच्या टोकापलीकडेहि दोन इंच गेली पाहिजे. पेटी नसेल, तर जहाजाहून आंखूड बैठकच डोळ्यांना बरी दिसते. हा निर्णय प्रथम.

आतां खरा मुद्दा. झाड तोडलें तरी हवेंतील ओल शोषण्याचा व सोडण्याचा लांकडाचा धर्म सुटत नाहीं. पावसाळ्यांत तें फुगतें, वैशाखांत आक्रसतें. परंतु हें फुगणें सर्व बाजूंनीं सारखें नसतें. शिरांच्या दिशेनें, म्हणजे उभ्या झाडाची जी उंची होती त्या दिशेनें, फरक जवळजवळ नसतोच. आडव्या दिशेनें मात्र तो चांगला जाणवतो. आणि त्यांतहि वाढीच्या वर्तुळांना अनुसरून होणारी वाढ ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या वाढीच्या सुमारें दुप्पट असते. साग या बाबतींत फार गुणी. तरीहि सागाच्या साध्या कापलेल्या फळींत ओल पांच टक्क्यांनीं वाढली, तर फूटभर रुंदीस अडीच ते तीन मिलिमीटर फरक पडतो.

अशी कल्पना करा कीं, जहाज पितळेच्या दोन खांबांवर उभें आहे, खांबांत फूटभर अंतर आहे, आणि फळीच्या शिरा जहाजाला आडव्या आहेत. पाऊस सुरू झाला कीं फळी ते दोन खांब एकमेकांपासून दूर ओढूं लागते. जहाजाचा कणा मात्र स्वतःच्या शिरांच्या दिशेनें लांब असल्यामुळें तसूभरहि वाढत नाहीं. या ओढाताणींत जो सांधा सर्वांत अशक्त, तो सुटतो. शिरा जहाजाच्या लांबीच्याच दिशेनें घेतल्या, कीं खांबांतील अंतर बाराहि महिने जसेंच्या तसें राहतें. इतकी साधी गोष्ट, पण मुलांना ती कोणी सांगत नाहीं!

फळी वांकण्याचें कारणहि हेंच. बहुतेक लोक वरच्या बाजूस पॉलिशचे चार हात देतात आणि खालची बाजू कोरडी ठेवतात, कारण ती दिसत नाहीं. मग ओल खालूनच जाते-येते, एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाहीं, आणि फळी पन्हळीसारखी वळते. म्हणून वर जितके हात, तितकेच खालीं.

लांकूड कोठून आणावें? इंचभर जाडीला वर्षभर सावलींत वाळवण, असा एक जुना हिशेब आहे. वखारींतल्या ताज्या कापलेल्या फळीसाठीं इतका धीर कोणाला असणार? त्यापेक्षां पाडलेल्या जुन्या घराच्या दाराची किंवा मोडक्या कपाटाची फळी पाहावी. ती वाळून बसलेली असते. फक्त आंत खिळा राहिलेला नाहीं ना, हें रंधा मारण्यापूर्वीं पाहावें. लहान बैठकीला सुताराच्या दुकानांतले उरलेले तुकडेहि पुरतात. शिसव देखणें, पण हत्याराची धार घालवितें. आंबा स्वस्त, पण किडीला लवकर बळी पडतो. सागांतहि सालीलगतचा पांढरट भाग टाळावा. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असल्यामुळें तें फारसें फुगत नाहीं. त्याची उघडी कड मात्र सागाच्या पट्टीनें झांकावी लागते.

कांचेच्या पेटीविषयीं एक इशारा. लांकडांतून आम्ल वाफा सूक्ष्म प्रमाणांत बाहेर पडतात. ओकमधून तर फारच. बंद पेटींत त्या कोंडतात, आणि प्रतिकृतीचे नांगर किंवा तोफा शिशाच्या असल्या तर त्यांवर पांढरी भुकटी धरते व धातु आंतून पोखरला जातो. परदेशांतील संग्रहालयांतलीं जुनीं जहाजें या रोगानें खराब झालेलीं आहेत. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांतील राळहि या बाबतींत निर्दोष नाहीं. तेव्हां पेटी अगदीं हवाबंद करूं नये. मागच्या बाजूस दोन बारीक भोकें ठेवून त्यांवर धूळ अडविणारें विरळ कापड लावावें. शिशाऐवजीं पितळ वापरतां आलें तर उत्तमच.

बाकीचें काम सोपें आहे. कोपरे गुण्यानें तपासावे, कडेला साधी गोलाई किंवा एक पायरी काढावी. वेलबुट्टीची बैठक जहाजालाच खाऊन टाकते. काचकागद नेहमीं शिरांच्या दिशेनें फिरवावा. स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या चपड्या लाखेचे पातळ हात, प्रत्येक हात वाळूं देऊन, द्यावे. चकाकी फार आली तर शेवटीं बारीक काचकागद हलक्या हातानें फिरवून ती मारावी. जहाजाचें नांव, प्रमाण आणि करणाऱ्याचें नांव असलेली लहान पितळी पट्टी समोर बसवावी. खालच्या चारी कोपऱ्यांना बनातीचे तुकडे चिकटवावे, म्हणजे मेजाला ओरखडे पडत नाहींत व फळीखालीं हवा खेळती राहते.