मागे सरकलेलं वजन

दोन क्लब शेजारी शेजारी ठेवा. एक थ्री आयर्न, दुसरा सेव्हन वूड. दोघांच्या तोंडाचा कल मोजला तर तो जवळपास सारखाच भरतो, साधारण २१ अंश. या कलाला गोल्फमध्ये लॉफ्ट म्हणतात, आणि चेंडू किती वर जाणार हे लॉफ्टवरच ठरत असेल असं कुणालाही वाटेल. आता एकाच माणसाला दोन्ही क्लबनी चेंडू मारू द्या. आयर्नचा चेंडू खालून सणसणत निघतो आणि लवकरच जमिनीकडे झुकतो. वूडचा चेंडू चढत राहतो, वर थोडा रेंगाळतो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक छाटलेल्या हिरवळीवर, उतरला की चार पावलांत थांबतो. कल तोच, हात तेच, चेंडूही तोच. मग ही जास्तीची उंची येते कुठून?

राहुरीची ओळख ऊस, मुळा धरण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांची. गोल्फचा विषय इथे क्वचितच निघतो. पण या कोड्याचा माग काढत गेलं, की वाटेत राहुरीकरांच्या चांगल्या ओळखीच्या दोन वनस्पती भेटतात आणि दख्खनच्या पठारावरची विरळ हवाही भेटते. म्हणून ही गोष्ट इथूनच सांगावीशी वाटते.

हवेवर पाय ठेवणारा चेंडू

गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. क्लब त्याला भिडतो तो सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरता. व्यावसायिक खेळाडूच्या लाँग आयर्नच्या, म्हणजे थ्री आयर्नसारख्या कमी कलाच्या आयर्नच्या, फटक्यात तेवढ्या क्षणात चेंडूवर सरासरी अर्ध्या टनाहून अधिक भार येतो. चेंडू चेपतो, कललेल्या तोंडावर किंचित वर सरकतो आणि मागच्या बाजूला गिरक्या घेत सुटतो. या गिरक्या सेकंदाला सत्तरच्या पुढे जातात.

त्या गिरक्यांमुळे चेंडू आपल्यामागची हवा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर उचलते. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकलेला गोल्फपटू. उलट्या गिरकीशिवाय चेंडू इतका वेळ हवेत टिकूच शकत नाही, हे टेट यांनी दाखवलं. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनाही या विषयाची भुरळ पडली आणि १९१० साली त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिलं.

हवेची ही उचल मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते, गिरकी आणि वेग. इथेच लाँग आयर्नचं दुखणं सुरू होतं. अव्वल व्यावसायिक खेळाडू ड्रायव्हर घेवो की छोटा आयर्न, त्याचा चेंडू जवळपास सारख्याच उंचीपर्यंत, साधारण २७ मीटरपर्यंत जातो. कमी कलाच्या क्लबनं कमी कोनात सुटलेला चेंडूही तिथवर पोहोचतो, कारण त्याच्यामागे प्रचंड वेग असतो. हौशी खेळाडूकडे तो वेग नसतो. त्याचा थ्री आयर्नचा चेंडू खालच्या कोनात सुटतो, हवा त्याला पुरेसं उचलत नाही आणि तो जास्त कलाच्या फाइव्ह आयर्नच्या चेंडूशेजारीच येऊन पडतो. अंतर कमी पडलं असं त्याला वाटतं. खरं तर कमी पडलेली असते ती उंची.

राहुरीचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा अंदाजे पाच टक्के विरळ. अशा हवेत चेंडूला अडथळा कमी होतो, म्हणून तो थोडा लांब जातो. पण उचलणारी हवाही तीच, त्यामुळे उचलही कमी मिळते. चेंडू सुटतानाचा कोन मात्र हवेवर अवलंबून नसतो, तो क्लब ठरवतो. म्हणून पठारावर खेळणाऱ्यानं सुरुवातीलाच चेंडू वर धाडणारा क्लब निवडण्यात शहाणपण आहे.

वजनाची जागा

आयर्नचं डोकं म्हणजे पोलादाचं पातं. त्याचं जवळजवळ सगळं वजन तोंडाला लागूनच असतं. वूडचं डोकं आज पोकळ असतं. त्याचं तोंड पातळ, माथा त्याहून पातळ, आणि वाचलेलं वजन खाली तळाशी व मागच्या टोकाकडे नेलेलं. आयर्नचा गुरुत्वमध्य तोंडामागे मोजक्या मिलिमीटरवर असतो, तर वूडचा दोन-तीन सेंटिमीटर मागे जातो. दोन्ही डोक्यांचं एकूण वजन पाहिलं तर वूडच किंचित हलकं भरतं. सगळी किमया वजनाच्या जागेची आहे.

ती कशी घडते हे कळलं की थक्क व्हायला होतं. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवताना दोरी ताठ होते आणि धोंडा हाताच्या सरळ रेषेत येतो. क्लब वेगानं खाली येताना त्याचं डोकंही तसंच बाहेरच्या दिशेला ओढलं जातं, आणि त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला धडपडतो. वूडमध्ये तो मध्य दांड्याच्या बराच मागे आहे. तो रेषेत यायचा तर डोक्याला पुढे कलावं लागतं. ते कलतं, दांड्याचं खालचं टोक लक्ष्याकडे वाकतं आणि चेंडूला भिडण्याच्या क्षणी क्लबचं तोंड थोडं आणखी वर पाहू लागतं. कारखान्यात दिलेला लॉफ्ट २१ अंशांचाच, पण चेंडूला मिळालेला त्याहून जास्त. खेळाडूनं मनगटानं काही केलेलं नसतं. मागे ठेवलेल्या वजनानं आपसूक दांडा वाकवलेला असतो.

त्याच मागच्या वजनाचा दुसरा फायदा म्हणजे डोक्याची स्थिरता. चेंडू तोंडाच्या मधोमध न लागता कडेला लागला तर आयर्नचं पातं हातात वळतं आणि फटक्याची बरीच ताकद वाया जाते. वूडचं डोकं सहज वळत नाही, म्हणून चुकलेला फटकाही बऱ्यापैकी अंतर राखतो. शिवाय पातळ तोंड फटक्यासरशी किंचित आत दबतं आणि पुन्हा उसळतं, त्यामुळे चेंडूला वेग मिळतो. ही उसळ किती असावी यावर खेळाच्या नियमांनी मर्यादा घातली आहे. आणि सेव्हन वूडचा दांडा साधारण ४२ इंचांचा, थ्री आयर्नचा ३९ च्या आसपास. लांब दांड्याचं टोक जास्त वेगानं फिरतं.

हरळी

आता जमिनीकडे वळू. उसाच्या फडात कितीही खुरपली तरी पुन्हा फुटणारी हरळी राहुरीच्या शेतकऱ्याला जेरीस आणते. जमिनीवरून आणि जमिनीखालून धावणारी तिची खोडं तोडली की प्रत्येक पेरातून नवं रोप उभं राहतं. हाच चिवटपणा गोल्फला हवा असतो. उष्ण प्रदेशांतल्या असंख्य गोल्फ मैदानांवर आज पसरली आहे ती हीच हरळी किंवा तिचा संकर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हरळीचा तिच्या आफ्रिकन बहिणीशी संकर करून नव्या जाती काढल्या. त्यांतली १९६० साली आलेली टिफवे जगभरच्या फेअरवेंवर, म्हणजे मैदानाच्या छाटलेल्या मुख्य पट्ट्यांवर, पोहोचली.

छाटलेल्या हरळीवर चेंडू छान उचलून बसतो. पण फेअरवेच्या कडेला वाढू दिलेल्या गवतात, म्हणजे रफमध्ये, तीच हरळी क्लबला धरून ठेवते. आयर्नचं पातं आणि दांड्याचा सांधा तिच्या जाळ्यात अडकतो, तोंड वळतं आणि चेंडू भलतीकडे जातो. वूडचा रुंद, गोलसर तळ गवत दाबत त्यावरून घसरत पुढे जातो. मात्र चेंडू खोल गवतात अधांतरी अडकला असेल तर वूडचं बुटकं डोकं त्याच्या खालून निसटू शकतं. तिथे मुकाट्यानं छोटा आयर्न घेऊन बाहेर पडावं.

टेंभुर्णीचं गोत

पोकळ धातूचं डोकं येण्याआधी वूड खरोखरच लाकडाचं असे, आणि विसाव्या शतकात त्यासाठी सर्वांत नावाजलेलं लाकूड होतं अमेरिकन पर्सिमनचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं, दोघांची प्रजाती डायोस्पायरॉस. ज्या टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळून अहिल्यानगर आणि संगमनेरच्या हजारो बायांनी विडीवर संसार चालवले, तिचीच अमेरिकेतली चुलत बहीण गोल्फपटूंच्या हाती होती. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेडनं पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला, आणि पुढच्या काळात लाकूड मागे पडलं.

जास्त कलाचा वूड मात्र लाँग आयर्नपेक्षाही जुना आहे. मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाला तेव्हा चेंडू होता चामड्यात पिसं ठासून शिवलेला. लोखंडी पात्यानं तो फाटायचा. म्हणून ग्रीनकडे चेंडू उंच धाडायला कललेल्या तोंडाचे लाकडी क्लब वापरत. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून केलेला टणक गटापर्चा चेंडू आला आणि त्यानंतर लोखंडाचं राज्य पसरलं.

ते राज्य हलवलं ते उंचीची किंमत ओळखणाऱ्यांनी. १९७६ च्या मास्टर्स स्पर्धेसाठी रेमंड फ्लॉइडनं वन आयर्न बाजूला ठेवून फाइव्ह वूड घेतला. स्पर्धेच्या ऑगस्टा मैदानावरच्या लांब होलच्या ग्रीनवर चेंडू हळुवार उतरावा एवढाच त्याचा हेतू. त्यानं २७१ फटक्यांत, आठ फटक्यांच्या आघाडीनं स्पर्धा जिंकली. नोव्हेंबर २०२० मध्ये डस्टिन जॉन्सननं तिथेच २६८ चा विक्रम केला, तेव्हा जगातल्या सर्वांत ताकदवान फटकेबाजांपैकी एक असलेल्या त्याच्या बॅगेतही सेव्हन वूड होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. तिचे टी-वरचे, म्हणजे प्रत्येक होलच्या सुरुवातीचे, फटके इतर अनेकींपेक्षा आखूड, म्हणून ग्रीनकडे मारताना तिला लांबचे क्लब घ्यावे लागायचे. लांब क्लबनं चेंडू नेमका उतरवता आला की लहान चणीचा खेळाडूही पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो.

निवडायचा कसा

आधी आपले आयर्न तपासा. प्रत्येकानं दहा-दहा चेंडू मारा आणि चेंडू पहिल्यांदा जिथे टेकला तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे कॅरी, लिहून ठेवा. घरंगळलेलं अंतर धरू नका. ज्या आयर्नपासून दोन क्लबांमधलं अंतर मिटतं, त्या आयर्नची जागा रिकामी करायची वेळ आली.

नवा क्लब आकड्यावरून घेऊ नका, लॉफ्ट वाचा. सेव्हन वूड साधारण २१ ते २२ अंशांचा, नाइन वूड २४ च्या आसपास, इलेव्हन वूड २६-२७ चा. पण कंपनीगणिक फरक पडतो. दांडा लांब असल्यानं तेवढ्याच कलाचा वूड आयर्नपेक्षा लांब जातो. म्हणून वरच्या आणि खालच्या क्लबशी त्याचं कॅरी जुळवून पाहा. दोहोंपासून दहा-पंधरा यार्ड दूर असेल तर जागा बरोबर. मग उतरण्याचा कोन पाहा. चेंडू ४५ अंशांच्या आसपास खाली येत असेल तर तो ग्रीनवर थांबेल. दांड्याचं वजनही तपासा. जड आयर्नांची सवय असलेल्या हातात फार हलका दांडा आला की लय बिघडते.

हा क्लब सगळ्यांसाठी नाही. ज्याचा वेग मुळातच दांडगा आहे, जो उघड्या माळरानावर समोरच्या वाऱ्यात खेळतो, त्याचा उंच गेलेला चेंडू वारा अडवतो. त्यानं लाँग आयर्न ठेवावा. खूप खाली खणत मारणाऱ्याला हायब्रिड जास्त मानवतो. त्याचा गुरुत्वमध्य आयर्न आणि वूड यांच्या मधे असतो. आणि नियमानं बॅगेत १४ च क्लब चालतात, तेव्हा एक घ्यायचा तर एक काढायचाच.

क्लब हाती आला की एकच पथ्य पाळा. चेंडू उचलायला जाऊ नका. तो पायांच्या मध्यापासून किंचित पुढे ठेवा आणि गवत झाडल्यासारखा क्लब फिरवा. ज्यांचे खांदे पूर्वीसारखे वळत नाहीत, ज्यांनी पन्नाशीनंतर हा खेळ हाती घेतला, ज्या मुली आत्ताच शिकताहेत, त्या सगळ्यांना मी निश्चयानं सांगेन की लाँग आयर्न उडत नाही हा तुमच्या कसबाचा पराभव नव्हे. तो क्लब घडवलाच गेला आहे तुमच्याहून अधिक वेगासाठी. तुमच्या वेगाला साजेसा क्लब आज मिळतो. तो घ्या आणि उंची देण्याचं काम त्याच्या वजनावर सोपवा.