घोडे वाढवले, लगाम तोच

“काका, आजोबांच्या व्हॅनमध्ये स्पोर्ट्स कारचं इंजिन बसवलं तर?”

शेजारच्या पोराने परवा मला हे विचारलं. पोरगा हुशार आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झालाय आणि हात तेलात घालायला लाजत नाही. मुंबईत कुठेतरी अपघातात चेपलेल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मिळतंय, असं त्याला कळलं होतं. आता मी पडलो बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला विचारून काय उपयोग? पण त्याने विचारलं त्याला कारण आहे. त्या व्हॅनचं इंजिन याआधी एकदा बदललं गेलं होतं आणि त्यानंतर जे घडलं तेव्हा मी त्या गाडीत बसलेलो होतो. श्रोतेहो, तीच हकिगत आज सांगतो.

ही व्हॅन १९६९ सालची, महिंद्राच्या ‘एफसी’ जातीची. एफसी म्हणजे जीपचीच बहीण, फक्त हिला नाक नाही. ड्रायव्हर पार पुढे बसतो आणि इंजिन त्याच्या बगलेत. पोराच्या आजोबांनी तिच्यावर लाकडी-पत्र्याची बॉडी बांधून घेतली होती. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. आज या गावात मंडई, उद्या त्या गावात शंकरपट, आणि रात्री नाटक. पडदा उठतो रात्री दहा-अकराला आणि पडतो पहाटे. या व्हॅनने कित्येक हंगाम नट, पेटी, तबला आणि कपड्यांच्या पेट्या वडशापासून कोरचीपर्यंत वाहिल्या. १९८८ साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि एका नाटकाची गाणी मी लिहिली होती. मानधन म्हणून मला काय मिळालं, तर व्हॅनमध्ये खिडकीजवळची जागा.

पेट्रोलचा खर्च आजोबांना झेपेना. तेव्हा डिझेल बरंच स्वस्त होतं. आमच्या मोहल्ल्यात एक मिस्त्री होते, सगळा गाव त्यांना उस्ताद म्हणायचा. त्यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन आणलं. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. दोन्ही जुळावेत म्हणून मधे जाड लोखंडी पाटा घडवून घेतला. इंजिनाच्या बैठका कापून नव्याने वेल्डिंग केल्या. आठ दिवसांत व्हॅन धडधडू लागली. सगळे खूश. जुनं इंजिन उस्तादांनी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलं.

त्या हिवाळ्यात कोरचीकडचं नाटक करून आम्ही पहाटे कुरखेड्याकडे उतरत होतो. गाडीत चौदा माणसं. घाटात आधी जळका वास आला. मग ड्रायव्हर म्हणाला, “ब्रेक लागत नाही बाप्पा.” त्याने गिअर खाली ओढला, तरी वेग म्हणावा तसा तुटला नाही. शेवटी त्याने गाडी बांबूच्या रांजीत घातली. बांबू वाकले, फुटले, पण त्यांनी आम्हाला अडवलं. तबलजीचं गळ्याचं हाड मोडलं. पेटीचे पडदे रस्ताभर झाले. आणि एक मिनिटभर कोणी काही बोललं नाही.

उस्ताद दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. सरळ चाकं उघडली. आतल्या ड्रमना निळी झाक आली होती आणि लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. ते म्हणाले, “गलती मेरी है. घोडे बढ़ाये, लगाम वही रखी.” त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं, ते मी कुठल्याही पुस्तकाआधी शिकलो.

गाडी थांबवणं म्हणजे तिच्या धावेची उष्णता करणं. लायनिंग ड्रमवर घासतं, ड्रम तापतो आणि ती उष्णता हवेत जाते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ताशी ३० किलोमीटरला जे ब्रेक आरामात काम करतात, त्यांनाच ताशी ६० ला चारपट काम करावं लागतं. घाटात तर उष्णता बाहेर पडायला उसंतच नसते. लायनिंग एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याची पकड सुटते, मग पाय कितीही दाबा. त्यात आमचं नवं इंजिन जुन्यापेक्षा जड होतं, म्हणजे सगळा भार पुढच्या चाकांवर.

आणखी एक बारीक गोष्ट होती. पेट्रोल इंजिनाचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. इंजिनाला ओढून हवा घ्यावी लागते आणि ते गाडीला मागे खेचतं. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप सहसा नसते. हवा मोकळी आत येते, म्हणून उतारावर ते तितकं धरत नाही. आमचा ड्रायव्हर जुन्या गाडीच्या सवयीने उतरत होता. गाडी मात्र जुनी उरली नव्हती.

मग इंजिन बदलूच नये का? तसं नाही. आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचा इतिहास म्हणजे इंजिन बदलण्याचाच इतिहास आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या विलीज कंपनीने जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं इंजिन घातलं. आकारमान आधीच्याइतकंच, सुमारे २,२०० सीसी, पण शक्ती ६० वरून ७५ अश्वशक्तीच्या घरात गेली. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेल्याने इंजिन उंच झालं. ते मावेना, म्हणून जीपचं बॉनेटच उंच करावं लागलं. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती हीच उंच बॉनेटची जीप. पुढे डिझेलच्या ओढीने महिंद्राच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं २,११२ सीसीचं इंजिन आलं. त्या इंजिनाचं घराणं मुळात मोटारगाड्यांचं. पुण्याच्या बजाज टेम्पोने तर मर्सिडीजच्या ‘२४०-डी’ मोटारीतलं २,४०४ सीसीचं डिझेल इंजिन परवान्यावर बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. आलापल्लीच्या बाजारातून माणसं, कोंबड्या आणि मोहाची टोपली घेऊन निघालेली काळी-पिवळी ट्रॅक्स मर्सिडीजच्या इंजिनावर धावत होती, हे तिच्यात बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल? पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा गिअरबॉक्स, मागची दांडी, रेडिएटर, ब्रेक यांचाही हिशेब मांडतो. आम्ही फक्त इंजिनाचा मांडला होता.

आता पोराच्या स्पोर्ट्स कारकडे वळू. त्याला मी आपल्या भाषेत सांगितलं, “बाबा, शंकरपटाचा बैल तू बंडीला जुंपतोयस.” पटावरचा बैल काही क्षण वाऱ्यासारखा धावतो. पण धानाची पोती भरलेली बंडी चिखलातून काढायला वेगळा बैल लागतो. इंजिनाचंही असंच आहे. होंडाची ‘एस-२०००’ ही १९९९ साली आलेली स्पोर्ट्स कार घ्या. इंजिन २,००० सीसीच्या आतलं, म्हणजे आजोबांच्या व्हॅनपेक्षा लहान, तरी शक्ती सुमारे २४० अश्वशक्ती. मात्र ही शक्ती मिळते मिनिटाला ८,३०० फेऱ्यांना. चाक फिरवणारा पीळ, ज्याला इंग्रजीत टॉर्क म्हणतात, तोही कमाल होतो ७,५०० फेऱ्यांना. व्हॅनच्या जुन्या हरिकेनचा पीळ २,००० फेऱ्यांनाच भरात येतो. भरली गाडी नाल्यातून चढवायची असेल तर कामाला येतो तो हाच पीळ. नव्या इंजिनाला त्याच्या भरात ठेवायचं तर गिअर आणि मागच्या दांडीचं गुणोत्तर बदलावं लागेल. ते न बदलता शक्ती ओतली, तर जुना गिअरबॉक्स दाते टाकेल. शिवाय नव्या इंजिनाला संगणक लागतो, सेन्सर लागतात, जास्त दाबाचा पेट्रोल पंप लागतो आणि मोठा रेडिएटर लागतो. आपल्या भागातला मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे.

जगात ही हौस कोणी पुरी केली नाही का? केली. १९७१ साली इंग्लंडमध्ये फोर्डने आपली ट्रान्झिट व्हॅन जीटी-४० या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावर पळवली. तिचं नाव ‘सुपरव्हॅन’. १९९४ मध्ये रेनॉने आपल्या एस्पास गाडीत फॉर्म्युला वनचं दहा सिलिंडरचं इंजिन घातलं. पण नीट पाहिलं तर यात व्हॅनमध्ये इंजिन बसवलेलंच नाही. शर्यतीसाठी बांधलेला सांगाडा, शर्यतीचे ब्रेक, शर्यतीची चाकं, आणि वरून व्हॅनचं कवच. म्हणजे पटाच्या बैलाला बंडीची झूल घातली. घाटात उतरायला त्या गाड्या कोणी बनवल्या नव्हत्या.

राहता राहिला कागद. गाडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. सीएनजी किंवा बॅटरीचा मान्यताप्राप्त संच बसवायला वाट आहे, पण ती वेगळी. मनाने केलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. उद्या अपघात झालाच, तर विमा कंपनी आधी हाच क्रमांक पडताळेल. उलट, २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. अट एवढीच की गाडीत मोठी फेरफार झालेली नसावी.

हे ऐकून पोरगा हिरमुसला. मग मी त्याला उरलेली हकिगत सांगितली. घाटातल्या त्या पहाटेनंतर उस्तादांनी डिझेल इंजिन काढून टाकलं आणि गोणपाटातलं जुनं इंजिन परत बसवलं. मजुरी घेतली नाही. तबलजीच्या दवाखान्याचा खर्चही त्यांनीच दिला. पुढे त्यांच्या दुकानात एक रीत पडली. इंजिन बदलायला कोणी आलं की ते आधी म्हणायचे, चाकं खोल. ब्रेकचं काम झाल्याशिवाय ते इंजिनाची बात करत नसत. काही गिऱ्हाईकं चिडून दुसरीकडे गेली. उस्ताद आता नाहीत.

आम्ही दोघं मागच्या पडवीत गेलो. व्हॅनवर धूळ होती, कोंबडीने सीटवर अंडं घातलं होतं. पोराने बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या अंगावरची काजळी फडक्याने पुसली. खाली ठोकलेला क्रमांक हळूहळू दिसू लागला. आजोबांच्या पेटीतलं पिवळं पडलेलं नोंदणीपुस्तक मी हातात धरलं होतं. तो एकेक आकडा वाचत गेला, मी पुस्तकात बघत गेलो. सगळे जुळले.

मुंबईचं इंजिन राहिलं. आता व्हिंटेज नोंदणी द्यायची की नाही, ते आरटीओ ठरवेल. पोराने पहिली यादी केली ती ब्रेकच्या लायनिंगची, नळ्यांची आणि ड्रम कातून घेण्याची. गाडी तयार झाली की मूलपर्यंत जाऊन येऊ, म्हणतो. मी खिडकीजवळची जागा मागून ठेवली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)