घरपट्टी माफ झाली, पण कोणाची?

मतदार नोंदणीच्या कामासाठी पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत फिरताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कोणकोण ते म्हणालं हे आता आठवतही नाही : "शास्ती शिंदे साहेबांनी काढली." त्याच घरात नळाला दिवसाआड पाणी येतं. पाण्याचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "ते आमच्या नगरसेवकाला विचारा." आणि तो नगरसेवक तर मार्च २०२२ मध्येच माजी झालेला. सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

माफी दिली ती मुख्यमंत्र्यांनी आणि गैरसोय केली ती नगरसेवकाने, अशी ही मतदाराच्या मनातली वाटणी आहे. ती कशी झाली हे समजून घ्यायचं तर आधी कर समजून घ्यावा लागेल. गावाकडे आपण त्याला घरपट्टी म्हणतो, पुण्यात मिळकतकर आणि मुंबईत मालमत्ता कर. नावं तीन असली तरी तो एकच कर आहे आणि तो स्थानिक संस्थेचा आहे. दर ठरवायचे महापालिकेच्या सभेने. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित व्हायला हवेत. पण हा अधिकार महापालिकेचा स्वतःचा नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, तरी कोणता कर लावायचा आणि किती सूट द्यायची याची चावी राज्याच्या कायदेमंडळाकडेच ठेवली (अनुच्छेद २४३-भ). त्यामुळे गटाराचं काम महापालिकेचं, पण त्यासाठीचा पैसा माफ करायचा अधिकार मंत्रालयाचा.

पूर्वी या शहरांकडे जकात होती. पुण्यात २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. त्या बदल्यात राज्य सरकार नुकसानभरपाई देतं. महापालिकेने स्वतः वसूल करावा असा मोठा कर मग उरला तो मालमत्तेवरचा. म्हणजे ज्या एका खांबावर शहराची स्वतःची तिजोरी उभी आहे, तोच खांब निवडणूक आली की माफीसाठी पुढे केला जातो.

यात कोणताही पक्ष मागे नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं आश्वासन शिवसेनेने फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिलं. २०१९ मध्ये फडणवीस सरकारच्या काळात निर्णय झाला, पण माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. बिलातले बाकीचे घटक तसेच राहिले आणि लोक बिल हातात घेऊन विचारत राहिले, की माफ झालं म्हणता तर हे काय आहे? संपूर्ण माफीचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने केला, तोही महापालिकेची मुदत संपायला दोन महिने उरलेले असताना. १६ लाखांहून अधिक कुटुंबांना लाभ होईल, असं तेव्हा सांगण्यात आलं.

पुण्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१९ पासून ती काढून घेण्यात आली. नव्या घरांना पूर्ण दराने बिलं गेली, काहींना फरकाच्या रकमेच्या नोटिसा आल्या. आंदोलनं झाली, निवेदनं दिली गेली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक लागली. २ मार्चला निकाल आला आणि तीन दशकं भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जिंकली. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. कसब्याचा निकाल फक्त मिळकतकरामुळे लागला, असं मी म्हणणार नाही. उमेदवार, जातीची गणितं, महाविकास आघाडीची एकी, सगळंच त्यात होतं. पण चार वर्षं अडलेली फाईल काही आठवड्यांत हलली, हे पुणेकरांनी पाहिलं आणि त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

त्याच दिवसांत चिंचवडचीही पोटनिवडणूक होती. तिथला प्रश्न होता शास्तीकराचा. अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून लागते, आणि बांधकाम अनधिकृत आहे तोवर ती दरवर्षी लागत राहते. आता हे अनधिकृत बांधकाम कोणाचं? मराठवाड्यातून, विदर्भातून एमआयडीसीत कामाला आलेल्या माणसाने चिखली-तळवडे भागात अर्धा-एक गुंठा घेतला, व्यवहार नोटरीवर केला आणि दोन खोल्या बांधल्या. त्याला परवडेल असं अधिकृत घर शहरात नव्हतंच. तिप्पट बिल भरणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने मूळ करही भरला नाही आणि थकबाकी फुगत गेली. आधी ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना शास्ती माफ झाली, मग १००० पर्यंतच्या, आणि मार्च २०२३ मध्ये सरसकट सगळ्यांना. मूळ कर भरण्याची अट मात्र राहिली. हा दिलासा खरा होता. आपल्या समाजाच्या कित्येक कुटुंबांना तो मिळाला, आणि त्यांनी तो देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं तर त्यात गैर काही नाही. पण सरसकट माफीत गरजेपोटी बांधलेल्या दोन खोल्या आणि भाडं खाण्यासाठी उठवलेली पाच मजली इमारत एकाच रांगेत बसल्या, हेही सांगायला हवं.

इथे बाबासाहेबांचं बोट धरावंसं वाटतं. भावनेचा भाग सोडा, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. कोलंबियात ज्या एडविन सेलिग्मन यांच्याकडे ते सार्वजनिक वित्त शिकले, ते सरसकट मालमत्ता कराचे नामांकित टीकाकार होते. माणसाकडे मालमत्ता किती आहे यावरून त्याची कर भरण्याची ऐपत कळत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये आला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. खर्च प्रांताने करायचा आणि उत्पन्नाच्या नाड्या वरच्या सरकारने धरायच्या, ही व्यवस्था त्यांनी त्यात टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवली. प्रांताच्या जागी आज महापालिका ठेवून वाचून पाहा. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलातला अन्याय दाखवला. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सूट असते, पण शेतकऱ्याचा तुकडा कितीही लहान असला, पीक आलं किंवा बुडालं, तरी त्याला सारा चुकत नाही.

ऐपतीची ही कसोटी आजच्या माफींना लावली तर चित्र फार सरळ राहत नाही. मुंबईची ५०० फुटांची माफी झोपडपट्टी पुनर्वसनात २२५, २६९ किंवा ३०० फुटांचं घर मिळालेल्यांना उपयोगी पडते, आणि ते चांगलंच आहे. पण कसोटी क्षेत्रफळाची आहे, उत्पन्नाची नाही. दक्षिण मुंबईत काही कोटींच्या ४८० फुटांच्या फ्लॅटलाही कर नाही, आणि उपनगराच्या टोकाला सहा जणांचं कुटुंब साडेपाचशे फुटांत राहत असेल तर त्याला बिल येतं.

पुण्याच्या ४० टक्क्यांत तर आपली अर्धी तरुण पोरं बसतच नाहीत. स्पर्धा परीक्षेसाठी नांदेड-परभणीहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, येरवड्यात भाड्याच्या खोलीत राहणारी नर्सिंगची मुलगी. सवलत राहत्या मालकाला आहे. भाडेकरू ठेवला की ती मिळत नाही आणि मालक तो कर भाड्यात धरतो. म्हणजे शहराचा कर हे दोघे भरतात, पण पावतीवर त्यांचं नाव नसतं आणि मतही बहुतेकदा गावाकडेच असतं. करावर ज्यांचं मत कोणी विचारत नाही असा हा मतदार आहे.

झोपडपट्टीतल्या माणसाचं गणित पुन्हा वेगळं. सोसायटीतल्या माणसाला बिल नकोसं वाटतं, वस्तीतल्या माणसाला ते हवं असतं. कारण उद्या पुनर्वसनाची यादी निघाली की तू इथे केव्हापासून राहतोस, हा प्रश्न येतो. तेव्हा जुनं लाईट बिल, मतदार यादीतलं नाव आणि महापालिकेची पावती, हेच त्याचे साक्षीदार. कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे त्याला ठाऊक असतं, तरीही तो पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवतो. एका आजींनी मला २० वर्षांच्या पावत्या क्रमाने लावून दाखवल्या होत्या. माफीबद्दल त्यांना काय वाटतं, असं मी विचारलं. "माफ केलं तर पावती मिळंल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

एक जागा कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहायला हवी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात मागास घटकांसाठी जो ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, तो महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाशी जोडलेला असतो. माफीमुळे ते उत्पन्न घटलं आणि राज्याने भरपाई दिली नाही, तर समाजमंदिराची दुरुस्ती, अभ्यासिका, शिष्यवृत्ती यांचा हिस्साही घटतो. महापालिकेच्या शाळा आणि दवाखाने तर त्याच तिजोरीतून चालतात, आणि तिथे कोणाची मुलं जातात हे मी सांगायला नको. म्हणून माफीची घोषणा झाली की दोन प्रश्न विचारा : तूट राज्य भरून देणार आहे का, आणि त्याचा शासन निर्णय निघाला आहे का?

पुण्यात स्वतःच्या घरात राहत असूनही ४० टक्के सवलत लागली नसेल तर पीटी-३ अर्ज राहत्या पुराव्यांसह क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो. वस्तीत असे अर्ज न भरलेली बरीच घरं सापडतात. आणि अंदाजपत्रकावरची चर्चा जानेवारी-फेब्रुवारीत होते, तेव्हा ५ टक्क्यांचं पान काढून मागच्या वर्षी त्यातला किती खर्च झाला ते आपल्या नगरसेवकाला विचारता येतं.