कोण गटांगळ्या खाणार? गुणतक्ता नंतर, आधी बाजार बघा

प्रीमियर लीगचा नवा मोसम जवळ आला की ‘यंदा कोण खाली जाणार’ याच्या पैजा सुरू होतात. बहुतेक जण मागच्या वर्षीचा गुणतक्ता बघतात. मी आधी उन्हाळ्यातली खरेदी-विक्री बघतो.

शेफील्ड युनायटेडचंच घ्या. 2023 मध्ये ते वर चढले आणि मोसमाच्या तोंडावर इलिमान एन्दियाय व सँडर बर्गे हे दोन हुकमी खेळाडू विकून बसले. बर्गे तर त्यांच्यासोबतच वर आलेल्या बर्नलीकडे! शेवटी 38 सामन्यांत 104 गोल खाल्ले आणि शेवटच्या क्रमांकावर राहिले.

नवख्यांचंच असं होतं असंही नाही. लेस्टर 2021-22 मध्ये आठवे होते. पुढच्या उन्हाळ्यात गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल गेला, बचावपटू वेस्ली फोफाना चेल्सीला विकला, नवी भरती जवळपास शून्य. वर्षभरात गच्छंती! 2016 चे विजेते, बरं का.

वर आलेल्यांसाठी मध्यंतरी दरी रुंदावली होती, हेही खरं. 2023-24 आणि 2024-25, दोन्ही मोसमांत वर आलेले तिन्ही संघ लगेच परत खाली गेले. साउथहॅम्प्टनने तर मागून पास देत खेळायचा हट्ट धरला आणि अवघे 12 गुण मिळवले. माझ्या मते ती निव्वळ अडेलतट्टू वृत्ती.

तेव्हा भाकीत करायची घाई नको. खरेदी-विक्रीची मुदत संपू द्या. मग तुमचे तीन संघ कमेंटमध्ये लिहा, कारणासकट!