झाडाची काकवी

पौष-माघात ऊसवाल्या गावी पाहुणा आला, की त्याला आधी गुऱ्हाळावर नेतात. रस पाजतात, वाटीत गरम काकवी देतात. पोरंटोरं काहिलीभोवती घोटाळत असतात.

अशीच गुऱ्हाळं कॅनडा देशातल्या क्वेबेक प्रांतात आहेत. तिथं मात्र ऊस नाही. तिथले लोक रानातल्या मेपल नावाच्या झाडाच्या रसाचा पाक करतात. जगात १० किलो मेपलचा पाक निघाला, तर त्यातला सुमारे ७ किलो एकट्या क्वेबेकचा असतो.

झाडात ही गोडी येते कुठून? उन्हाळ्यात पानं साखर तयार करतात. झाड ती खोडात साठवतं. मग हिवाळा येतो, सगळीकडे बर्फ पडतं. मार्चच्या सुमारास रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. रात्रीच्या गारठ्यात झाड मुळांतून पाणी ओढतं. दिवसा ऊब लागली, की आत दाब वाढतो. खोडाला भोक असेल तर तिथून रस ठिबकू लागतो. रात्र थंड हवी आणि दिवस उबदार हवा. दोन्हींतलं एक चुकलं, की रस थांबला.

भोक करंगळीहून बारीक, दीड-दोन इंच खोल पाडतात. त्यात तोटी ठोकून खाली बादली टांगतात. आता पुष्कळ ठिकाणी नळ्या लावून रस थेट भट्टीपर्यंत नेतात. ही विद्या तिथल्या मूळच्या रहिवाशांची. युरोपातून आलेले लोक ती त्यांच्याकडून शिकले.

रस दिसतो पाण्यासारखा. चव घेतली तर जेमतेम गोड. ४० लिटर रस आटवावा, तेव्हा कुठं १ लिटर पाक मिळतो! म्हणून तर तो महाग.

या दिवसांत शहरातली माणसं बायकामुलांसह रानात जातात. बर्फावरून पायी हिंडतात, कुठं घोड्याच्या घसरगाडीत बसतात. मग भट्टीशेजारच्या लाकडी घरात लांब बाकांवर पंगत बसते. वाटाण्याचं सूप, घेवड्याच्या शेंगांतले शिजवलेले दाणे, डुकराचं मांस, अंड्याची पोळी. अंड्यावरसुद्धा गोड पाक ओततात! आपल्याला हे विचित्र वाटेल. पण आपणही भाकरीशी गूळ खातोच की.

खरी गंमत बाहेर असते. पाक आणखी घट्ट आटवून स्वच्छ बर्फावर त्याची धार सोडतात. तो चिकट होतो. मुलं तो काडीला गुंडाळून चोखतात.

झाडाला हे सोसतं का? सोसतं, पण हात आवरला तर. झाड वीतभर जाड होईपर्यंत त्याला भोक पाडत नाहीत. तेवढं व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. लावणाऱ्याला स्वतःच्या झाडाचा पाक म्हातारपणीच मिळायचा. दरसाल नवं भोक, जुन्यापासून दूर. जुनी जखम हळूहळू भरून येते.

हवामानापुढं मात्र माणसाचं चालत नाही. २०२१ साली ऊन लवकर तापलं. क्वेबेकात पाक आदल्या वर्षीपेक्षा बराच कमी झाला आणि कोठारातला साठा बाहेर काढावा लागला.

एरवी एप्रिलच्या शेवटी झाडाला कळ्या फुटू लागतात. मग रसाची चव बिघडते. तोट्या काढतात, बादल्या धुऊन उपड्या घालतात.