स्वसंरक्षण : रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

परवाना (पनवेलकरांसाठी) : पनवेल रायगड जिल्ह्यात असले, तरी शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, परवान्याचा निर्णय आयुक्तालयाकडे. किमान वय २१ वर्षे. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे, शस्त्रे जास्तीत जास्त २.

रिव्हॉल्व्हर : कानपूरचे .३२ बोअरचे ‘निर्भीक’ (२०१४) सुमारे ५०० ग्रॅमचे, ६ गोळ्यांचे. रचना सोपी; मात्र हलक्या शस्त्राचा झटका जास्त जाणवतो.

पिस्तूल : आकाराने मोठे असल्यास पकड भक्कम, नेम साधणे सोपे, पण लपवणे कठीण, सराव अधिक हवा. ९ मिमी सर्वसामान्यांना निषिद्ध.

कायदा : भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरतीच इजा करण्याची मुभा आहे.

घरात : शस्त्र कुलूपबंद आणि मुलांपासून दूर ठेवाच.